अमेरिकेतला विमा: राज्यांचा की वॉशिंग्टनचा?

पैलतीर (धागाकर्ता)

गेल्या वर्षी नोकरीनिमित्त आम्ही कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीत राहायला आलो. गाडी तीच, चालवणारे दोघे तेच, विमा कंपनीही तीच. तरीही जुनी पॉलिसी पुढे चालणार नाही, नव्या राज्याची नवी पॉलिसी घ्यावी लागेल, असे एजंटाने सांगितले. इथवर समजण्यासारखे होते. अर्ज भरायला बसलो तेव्हा मात्र पहिल्यापासून धडे गिरवावे लागले. कॅलिफोर्नियात उसनवारीचा पूर्वेतिहास पाहून गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवायला मनाई आहे. इथे तो पाहिला गेला. तिथे अपघातात चूक कोणाची यावर उपचारांच्या खर्चाचा निवाडा होतो. इथे तो खर्च आधी आपल्याच पॉलिसीतून भागतो, आणि शारीरिक त्रासाबद्दल समोरच्यावर दावा लावण्याचा पूर्ण हक्क राखायचा की तो मर्यादित करून हप्ता उतरवून घ्यायचा, हे अर्जावरच खूण करून सांगावे लागते. कायद्याने घ्यावयाच्या किमान संरक्षणाचे आकडेही निराळे. कॅलिफोर्नियात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठीची किमान रक्कम १९६७ पासून ५,००० डॉलरवर अडकून पडली होती, ती २०२५ पासून १५,००० झाली. न्यू हॅम्पशायरमध्ये तर गाडीचा विमा मुळात सक्तीचाच नाही.

भारतात वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटते, म्हणून थोडे वाचन केले. व्हर्जिनियातील पीटर्सबर्गच्या सॅम्युएल पॉल नावाच्या एजंटाने न्यूयॉर्कच्या अग्निविमा कंपन्यांच्या पॉलिसी राज्याचा परवाना न मिळवता विकल्या आणि त्याला दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. विमा पॉलिसी देणे हा वाणिज्याचा व्यवहारच नाही, असे १८६९ मध्ये न्यायमूर्ती फील्ड यांनी लिहिले. आणि राज्याराज्यांमधील वाणिज्यावर अधिकार संघीय काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, असला, तरी विमा हे वाणिज्यच नसल्यामुळे तो राज्यांकडे राहिला. पुढे पाऊणशे वर्षे हीच स्थिती होती. १९४४ मध्ये दक्षिणेतील अग्निविमा कंपन्यांच्या संघटनेवरील खटल्यात न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा निकाल फिरवला आणि विमा हेही आंतरराज्य वाणिज्यच आहे असे ठरवले. त्यामुळे राज्यांचे धाबे दणाणले, कंपन्याही घाबरल्या आणि वर्षभराच्या आत, ९ मार्च १९४५ रोजी, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा झाला. विम्याचे नियमन राज्यांनीच करत राहावे हे लोकहिताचे आहे, असे त्यात काँग्रेसने स्वतःच जाहीर केले.

आज पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि पाच प्रदेश मिळून छप्पन्न विमा अधिकारी आहेत. माझे मत थोडक्यात मांडतो: एका देशात छप्पन्न ठिकाणी एकाच वस्तूचे छप्पन्न नियम असणे हा शुद्ध अपव्यय आहे आणि हे काम एका संघीय नियामकाकडे जावे. आपल्यापैकी ज्यांचा या क्षेत्राशी प्रत्यक्ष संबंध आहे किंवा ज्यांना अनुभव आला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

तारतम्य

पैलतीर, इतिहास नेमका मांडला आहे, फक्त त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट निसटली. पॉलचा खटला हा एखाद्या गरीब एजंटावरील अन्यायाचा खटला नव्हता. प्रत्येक राज्याची अनामत, प्रत्येक राज्याचा परवाना, या कटकटीतून कायमची सुटका व्हावी म्हणून अग्निविमा कंपन्यांनीच तो पाठबळ देऊन वर नेला होता. त्या वेळी त्यांना वॉशिंग्टन हवे होते. १९४४ मध्ये त्याच धंद्यातील कंपन्या न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्याविरुद्ध गेलेला तोच जुना निकाल त्यांनी ढाल म्हणून पुढे केला आणि आमच्यावर अधिकार केवळ राज्यांचा, असे सांगितले. कारण उघड होते. या वेळचा आरोप मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याखालचा होता: सुमारे दोनशे कंपन्यांनी एकत्र येऊन सहा राज्यांतील अग्निविम्याचा नव्वद टक्के बाजार बांधून ठेवला आहे, दर संगनमताने ठरतात आणि बाहेर राहणाऱ्यांची कोंडी केली जाते. म्हणून या वादात कोणी 'राज्यांचे स्वातंत्र्य' किंवा 'राष्ट्रीय एकवाक्यता' असे शब्द वापरू लागला, की त्या घडीला त्याच्या मानेवर कोणाचा हात आहे हे मी आधी पाहतो.

१९४५च्या कायद्याबद्दलही थोडे. संघीय कायदा आणि राज्याचा कायदा यांत विरोध आला तर एरवी संघीय कायदा वरचढ ठरतो. विम्यात याच्या उलट आहे. एखादा संघीय कायदा विशेषकरून विम्याविषयीच केलेला नसेल, तर तो राज्याच्या विमा कायद्याला बाजूला सारू शकत नाही. दुसरी तरतूद अशी की, राज्य ज्या मर्यादेपर्यंत विम्याचे नियमन करते त्या मर्यादेपर्यंत मक्तेदारीविरोधी कायदे विम्याच्या व्यवसायाला लागू होत नाहीत. मात्र बहिष्कार, जबरदस्ती आणि धाकदपटशा यांना ही सवलत नाही. आरोग्यविम्यापुरती ही सूट जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आली. म्हणजे काँग्रेसने हा अधिकार राज्यांना दान दिलेला नाही, उसना दिला आहे आणि अधूनमधून त्यातला तुकडा ती परत घेत असते. 'राज्ये की वॉशिंग्टन' असा सरळ प्रश्न आता कोठेच शिल्लक नाही. कोणता तुकडा कोणाकडे आहे, एवढेच विचारता येते.

हिशेबनीस

मी हार्टफर्डला एका विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडणारा अ‍ॅक्च्युअरी आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या चष्म्यातून आले आहे हे आधीच सांगून टाकतो.

धागाकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे छप्पन्न ठिकाणी छप्पन्न नियम आहेत, हे दर आणि पॉलिसीचा मसुदा यांबाबत बरेचसे खरे आहे. कंपनीच्या आर्थिक प्रकृतीची तपासणी मात्र तशी चालत नाही. ज्या राज्यात कंपनीची स्थापना झाली आहे ते राज्य मुख्य तपासनीस असते आणि बाकीची राज्ये त्याच्या कामावर विसंबतात. हा विश्वास हवेतला नाही. राज्यांच्या विमा आयुक्तांची संघटना १८७१ पासून आहे; हिशेबाचे नमुने, राखीव निधीचे नियम, जोखमीच्या प्रमाणात भांडवल किती असावे याची सूत्रे ती तयार करते आणि प्रत्येक राज्याच्या विमा खात्याची ठरावीक काळाने परीक्षा घेऊन त्याला मान्यता देते. ही संघटना सरकारी नाही, तिचे आदर्श कायदे विधिमंडळांनी मंजूर केल्याशिवाय लागू होत नाहीत, आणि तरीही अमेरिकेतील विम्याचा सांगाडा तिनेच उभा केला आहे.

आता आमच्या बाजूला न शोभणारी गोष्ट. हे सगळे राज्यांनी आपखुशीने केलेले नाही. ऐंशीच्या दशकात काही विमा कंपन्या बुडाल्यावर प्रतिनिधी सभेतील जॉन डिंगेल यांच्या उपसमितीने १९९० मध्ये राज्यांच्या देखरेखीचे वाभाडे काढणारा अहवाल दिला. पाठोपाठ १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाची एक्झिक्युटिव्ह लाइफ ही कंपनी जंक बाँडमधील (जास्त व्याजाच्या पण बुडण्याचा धोका मोठा असलेल्या रोख्यांतील) गुंतवणुकीमुळे कोसळली. मान्यतेची परीक्षा आणि भांडवलाची नवी सूत्रे नेमकी याच सुमारास आली. वॉशिंग्टन दारात येऊन उभे राहिल्याशिवाय राज्ये घर आवरत नाहीत.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर नवी कल्पना बहुधा एखाद्या राज्यातच आधी सुचते. मॅसॅच्युसेट्सचे आयुक्त एलायझर राइट हे गणिती होते आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतले खंदे कार्यकर्तेही होते. लंडनमध्ये १८४४ साली त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसी लिलावात विकल्या जाताना पाहिल्या. हप्ते भरणे झेपेना आणि पॉलिसी सोडली तर कंपनीकडून काहीच मिळेना, म्हणून ते म्हातारे स्वतःच्या मरणाचा सौदा सट्टेबाजांशी करत होते. राइट यांना त्यात गुलामांच्या बाजाराचीच आठवण झाली. त्यांच्या प्रयत्नांतून १८६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की हप्ते थांबले म्हणून जमलेले सगळे मूल्य कंपनीने गिळंकृत करता कामा नये. आज आपण ज्याला सरेंडर व्हॅल्यू म्हणतो तिचे मूळ या विचारात आहे. त्या काळी एकच संघीय खाते असते आणि त्यावर न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपन्यांचा प्रभाव असता, तर हा कायदा झाला असता का, याविषयी मला शंका आहे.

पेठेतला

मी पुण्यात आयुर्विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालो. आपल्याकडे हा प्रश्न घटनेनेच निकालात काढला आहे. सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर 'विमा' हा एकच शब्द आहे, त्यामुळे महाराष्ट्राला वा गोव्याला स्वतःचा विमा कायदा करण्याचा प्रश्न येत नाही. १९३८चा विमा कायदा, १९५६चे आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, १९९९चा नियामक प्राधिकरणाचा कायदा, हे सगळे दिल्लीतून आले. नियामक हैदराबादला बसतो आणि तक्रारीसाठी मुंबई, पुणे अशा शहरांत विमा लोकपाल आहेत. साताऱ्याहून बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाची पॉलिसी बदलत नाही, हे पैलतीर यांना हवे असलेले सुख आपल्याकडे आहे.

मला मात्र वेगळेच विचारायचे आहे. आपल्याकडे आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीतील रकमेला १९५६च्या कायद्याच्या ३७व्या कलमाने केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांच्या पॉलिसींना ती नाही. तिकडे कंपनी बुडाली तर पैसे कोण देते? माझ्या मुलाने तिकडेच आयुर्विमा उतरवला आहे, त्यामुळे ही केवळ उत्सुकता नाही.

हिशेबनीस

काका, राज्य देते, पण सरकारी तिजोरीतून नाही. प्रत्येक राज्यात गॅरंटी फंड असतो. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर त्या राज्यात धंदा करणाऱ्या उरलेल्या कंपन्यांकडून वर्गणी काढून विमेदारांचे पैसे भागवले जातात. आयुर्विम्याच्या मृत्युलाभाची मर्यादा बहुतेक राज्यांत ३,००,००० डॉलर आहे आणि विमेदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याचा फंड सामान्यतः जबाबदारी घेतो. बँकेतील ठेवीमागे जशी संघीय ठेव विमा महामंडळाची पाटी प्रत्येक खिडकीवर दिसते, तशी या फंडाची जाहिरात दिसणार नाही, कारण फंडाचे नाव सांगून पॉलिसी विकायला बहुतेक राज्यांत कायद्याने बंदी आहे. आपल्या मुलाची विमा रक्कम मर्यादेहून मोठी असेल, तर ती दोन कंपन्यांत विभागण्याचा विचार त्याने जरूर करावा.

रानवारा

कॅलिफोर्नियातून लिहिते आहे. आमचे घर डोंगरउतारावर, झाडीच्या कडेला आहे. सतरा वर्षे एकाच कंपनीचा घरविमा होता, एकही दावा केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी कंपनीने वणव्याच्या धोक्याचे कारण देऊन नूतनीकरण नाकारले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण आमच्या गल्लीत तीन कंपन्यांनी हेच केले.

आम्हाला शेवटी 'फेअर प्लॅन' घ्यावा लागला. ज्याला कोणीच विमा देत नाही त्याला तो द्यावा म्हणून राज्याने कायद्याने कंपन्यांचा हा एकत्रित निधी उभा केला आहे. त्यात आग आहे, पण चोरी, नळ फुटून झालेले नुकसान, घरात पाहुणा पडला तर येणारी जबाबदारी यांतले काही नाही. त्यासाठी दुसरी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. दोन्ही मिळून हप्ता पूर्वीच्या अडीचपट झाला आहे. या निधीचा जन्म १९६८चा आहे आणि तो वणव्यांसाठी झालेलाच नाही. शहरांतील दंगलींनंतर गरीब वस्त्यांतून विमा कंपन्या निघून गेल्या, तेव्हा काँग्रेसने कायदा करून सांगितले की जी राज्ये असे निधी काढतील तेथील कंपन्यांना दंगलीच्या नुकसानीसाठी संघीय पुनर्विमा (विमा कंपन्यांनी स्वतःच्या जोखमीचा उतरवलेला विमा) मिळेल. म्हणजे ज्याला आम्ही राज्याची योजना समजतो तिचीही नाळ वॉशिंग्टनशीच जुळलेली आहे.

हे का झाले, याचे उत्तर १९८८ मधील प्रस्ताव १०३ मध्ये आहे. मतदारांनी तो जेमतेम बहुमताने मंजूर केला. दर वाढवण्यापूर्वी आयुक्तांची परवानगी घ्यावी, सात टक्क्यांहून अधिक वाढ मागितल्यास लोकांना जाहीर सुनावणी मागता यावी, आणि आयुक्त गव्हर्नरने न नेमता निवडणुकीने यावा, असे त्याने ठरवले. गाडीच्या विम्यात याचा आम्हाला मोठा फायदा झाला, हे मी मान्य करते. घरविम्यात मात्र वणव्याचा दर मागील वीस किंवा अधिक वर्षांच्या नुकसानीच्या सरासरीवरच बेतावा लागत असे. पुढचा अंदाज देणारी संगणकीय प्रारूपे चालत नसत, पुनर्विम्याचा वाढलेला खर्चही हप्त्यात धरता येत नसे. हवामान बदलले, पण सरासरी मागेच पाहत राहिली. कंपन्यांनी दर वाढवता येत नाहीत म्हणून विमेदार कमी केले, आणि २०२३ पर्यंत मोठमोठ्या कंपन्यांनी नवे घरविमे घेणेच बंद केले. २०२४ अखेर आयुक्तांनी प्रारूपे वापरायला परवानगी दिली, ती धोक्याच्या भागांत अधिक पॉलिसी देण्याच्या अटीवर. महिन्याभरात, जानेवारी २०२५ मध्ये, पॅलिसेड्स आणि ईटनचे वणवे लागले. फेब्रुवारीत फेअर प्लॅनला सदस्य कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर मागावे लागले आणि त्यातला काही भाग आता इतर सर्व विमेदारांच्या बिलावर चढणार आहे.

निवडणुकीने येणारा आयुक्त मते देणाऱ्याचा हप्ता वाढवायला कचरतो. अकरा राज्यांत आयुक्त असा निवडून येतो. पण पैलतीर, यावर उपाय म्हणून आपण सगळे वॉशिंग्टनला नेऊ म्हणता, तर माझा प्रश्न असा की, मते तिथल्या लोकांना लागत नाहीत का?

बायूकाठ

रानवारा यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हा ह्यूस्टनवाल्यांकडे आहे, कारण पुराचा विमा वॉशिंग्टनकडेच आहे. खासगी कंपन्यांना पुराची जोखीम आधीपासूनच नकोशी होती; १९६५च्या बेट्सी वादळानंतर चक्रे फिरली आणि १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा योजना आली. पॉलिसीवर खासगी कंपनीचे नाव असते, जोखीम मात्र सरकारची. घराच्या बांधकामाला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००. आणि पॉलिसी घेतल्यावर सामान्यतः तीस दिवस थांबावे लागते, त्यामुळे वादळाचा अंदाज ऐकून धावणाऱ्याला ती उपयोगी पडत नाही. अनेक वर्षे हप्ते खऱ्या धोक्यापेक्षा कमी ठेवले गेले, कारण किनाऱ्यावरच्या लोकप्रतिनिधींनाही मते लागतात. कॅट्रिना वादळापासून योजना कर्जात बुडाली. २०१७ मध्ये काँग्रेसने सोळा अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले, तरी वीस अब्जांहून अधिक शिल्लक राहिले. धोक्याप्रमाणे घरोघरचा दर ठरवण्याची पद्धत २०२१ मध्ये आली, तेव्हा आमच्याकडे ओरड झालीच. शिवाय योजनेची मुदत काँग्रेस तुकड्यातुकड्यांनी वाढवते; २०१० मध्ये ती अनेकदा संपून गेली आणि पुराचा धोका असलेल्या भागांत पूरविम्याशिवाय गृहकर्ज सहसा मिळत नसल्यामुळे घरांची खरेदीखते अडकली.

दर दाबून ठेवण्याचा रोग कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, आहे तसाच वॉशिंग्टनमध्येही आहे.

पैलतीर (धागाकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरविम्याबाबत माझा मुद्दा लंगडा पडला हे कबूल करतो. पण २००८चे काय? एआयजी ही जगातली अवाढव्य विमा कंपनी, तिला १६ सप्टेंबर २००८ रोजी फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि पुढे एकंदर मदतीची मर्यादा १८० अब्जांच्या वर गेली. राज्यांच्या आयुक्तांना एवढा डोलारा कसा पेलणार होता?

तारतम्य

एआयजीचे उदाहरण दोन्ही पक्ष देतात आणि दोघेही अर्धे सांगतात. तिला बुडवणारे व्यवहार लंडनमध्ये बसलेल्या वित्तीय शाखेचे होते. गहाणरोख्यांच्या (घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांच्या) बुडण्याविरुद्ध तिने जी हमीपत्रे विकली त्यांना कायदा विमा मानत नव्हता, म्हणून आयुक्तांचा त्यांवर अधिकार नव्हता. मूळ कंपनीवर देखरेख होती ती 'थ्रिफ्ट' म्हणजे घरकर्जे देणाऱ्या बचत बँका पाहणाऱ्या एका संघीय कार्यालयाची, आणि ते कार्यालय पुढे बंदच करण्यात आले. इथवरची कथा राज्यांच्या पथ्यावर पडते. उरलेली कथा अशी की, एआयजीच्या आयुर्विमा कंपन्या, ज्या राज्यांच्याच देखरेखीखाली होत्या, आपल्याकडील रोखे भाड्याने देऊन आलेला पैसा त्याच गहाणरोख्यांत गुंतवत होत्या आणि त्यांनाही मदत लागली.

२०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने वित्त मंत्रालयात संघीय विमा कार्यालय स्थापन झाले खरे, परंतु त्याला नियमनाचा अधिकार दिला नाही. ते माहिती गोळा करते आणि अहवाल लिहिते. मोठ्या विमा कंपन्यांना 'संपूर्ण अर्थव्यवस्थेला धोका' असा शिक्का मारून फेडरल रिझर्व्हच्या देखरेखीखाली आणण्याचा प्रयत्न झाला. मेटलाइफ २०१६ मध्ये न्यायालयातून सुटली, एआयजीचा शिक्का २०१७ मध्ये निघाला, प्रुडेन्शियलचा २०१८ मध्ये. बँकांप्रमाणे विमा कंपनीलाही राज्याची की संघाची सनद हवी ते निवडू द्यावे, असे विधेयक त्याआधी अनेकदा येऊन गेले आणि कधीच मंजूर झाले नाही. मला ते मंजूर न झाल्याचा आनंद आहे, कारण नियामक निवडण्याचा हक्क ज्याला मिळतो तो सौम्य नियामक निवडतो.

नंदादीप

मी इथे क्वचित लिहिते, पण ही चर्चा घर, गाडी आणि वॉल स्ट्रीट यांतच फिरत राहिली म्हणून लिहिते. आम्ही डॅलसला असतो. यजमानांच्या कंपनीकडून आम्हाला आरोग्यविमा आहे. कार्डावर एका प्रसिद्ध विमा कंपनीचे नाव आणि चिन्ह आहे. माझ्या मुलीच्या एका उपचाराचा खर्च 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही' म्हणून नाकारला गेला. मी राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार केली. तिथल्या बाईंनी अतिशय सौजन्याने विचारले, 'कार्डावर टीडीआय किंवा डीओआय अशी अक्षरे आहेत का?' नव्हती. त्या म्हणाल्या, 'मग तुमची योजना आमच्या अधिकारात येत नाही.' टेक्सासमध्ये राज्याच्या देखरेखीखालील योजनांच्या कार्डांवर ही अक्षरे छापलेली असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आमची योजना स्वयंनिधीची निघाली. म्हणजे दाव्यांचे पैसे यजमानांची कंपनी स्वतःच्या खिशातून देते. कार्डावरील विमा कंपनी केवळ कागद हाताळण्याचे शुल्क घेते. १९७४ च्या एरिसा नावाच्या संघीय कायद्याने कामगारांच्या निवृत्तिवेतनाचे संरक्षण केले, आणि त्याच कायद्यात एक वाक्य असे आहे की, मालकाची अशी योजना राज्याच्या कायद्यापुरती विमा कंपनी समजली जाणार नाही. परिणामी राज्याने 'अमुक उपचार द्यावाच लागेल' असा कायदा केला तरी तो आमच्या योजनेला लागत नाही. अमेरिकेत मालकाकडून आरोग्यविमा असलेल्या कामगारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक अशा योजनांत आहेत, आणि बहुतेकांना ते माहीत नसते.

मला वाटले, ठीक आहे, राज्य नाही तर संघीय सरकार तरी असेल. तिथे मजूर खात्याचे एक कार्यालय आहे, ते सल्ला देते. पण हप्ता मंजूर करणारा, पॉलिसीचा मसुदा तपासणारा, कंपनीला दंड ठोकणारा आयुक्त तिथे नाही. न्यायालयात गेले तर नाकारलेल्या उपचाराचा खर्च मिळू शकतो. तो वेळेवर न मिळाल्याने जे भोगावे लागले त्याची भरपाई मिळत नाही. टेक्सासने १९९७ मध्ये अशा निर्णयांबद्दल योजनांना जबाबदार धरणारा कायदा केला होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एरिसाचा आधार घेऊन असे दावे निष्फळ ठरवले. ते दोन्ही दावेदार आमच्याच राज्यातले होते.

म्हणून पैलतीर यांनी छप्पन्न नियामक फार झाले असे लिहिले, तेव्हा मला असूया वाटली. मला एकही मिळाला नाही.

तारतम्य

नंदादीप, आपण या चर्चेचे मर्म सांगितलेत. १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मानसोपचारविषयक कायद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच मान्य केले होते की, विमा विकत घेणाऱ्या योजना आणि स्वतः पैसे देणाऱ्या योजना यांत यामुळे भेद पडतो; पण तो भेद काँग्रेसनेच केला आहे, असे म्हणून न्यायालयाने हात झटकले. संघीय कायद्याने राज्याचा नियम काढला आणि त्या जागी दुसरा ठेवला नाही. मधल्या काळात थोडी डागडुजी झाली आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याने बहुतेक स्वयंनिधी योजनांनाही नाकारलेल्या दाव्याचे बाहेरच्या तज्ज्ञांकडून पुनरावलोकन करून घ्यावे लागते. अनपेक्षितपणे येणाऱ्या भरमसाट वैद्यकीय बिलांविरुद्ध अनेक राज्यांनी कायदे केले होते, पण ते या योजनांपर्यंत पोचत नव्हते. म्हणून २०२२ पासून लागू झालेला संघीय कायदा करावा लागला. आपण बाहेरचे पुनरावलोकन मागितले का? अंतर्गत अपिलाचा अंतिम निर्णय हाती आल्यापासून चार महिन्यांची मुदत असते.

नंदादीप

होय, मागितले. आधी योजनेकडेच अपील करावे लागले, त्यात डॉक्टरांचे पत्र आणि तपासण्यांचे अहवाल जोडले. तेही फेटाळले गेले. मग बाहेरच्या पुनरावलोकनासाठी अर्ज केला. सुमारे सहा आठवड्यांनी निर्णय आमच्या बाजूने लागला आणि योजनेला तो मानावा लागला. उपचार मात्र आम्ही त्याआधीच उसनवारी करून सुरू केले होते.

पैलतीर (धागाकर्ता)

मी पहिल्या नोंदीत 'एक संघीय नियामक हवा' असे लिहिले होते, ते मागे घेतो. एक असावा की छप्पन्न असावेत याला मी नको तेवढे महत्त्व दिले. वॉशिंग्टनने एखादा तुकडा घ्यायचा असेल तर त्याने तो पूर्ण सांभाळावा, राज्याला हटवून ती जागा ओसाड टाकू नये, एवढेच आता म्हणेन. गाडीच्या अर्जावर खुणा करताना माझी चिडचिड झाली होती, पण त्या अर्जामागे न्यू जर्सीच्या राजधानीत, ट्रेंटनमध्ये, कोणीतरी बसलेले होते आणि मी फोन केला तेव्हा त्याने उचललाही होता.

नंदादीप यांची नोंद वाचून मी आज आमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल करून विचारले की आमची आरोग्य योजना विम्याची आहे की स्वयंनिधीची. कार्डावरून काही कळत नव्हते. दुपारी उत्तर आले: स्वयंनिधीची. सोबत योजनेचा सारांश-दस्तऐवज जोडला होता, एकशे बेचाळीस पानांचा. अपिलाची प्रक्रिया एकशे अठराव्या पानावर आहे.

पेठेतला

त्या पानात मुदती काय दिल्या आहेत ते सवडीने इथे लिहा. मुलालाही हेच विचारायला सांगितले आहे. त्याचे उत्तर आले की मीही कळवतो.